दहा हजार वेळा दाबलेली पट्टी

"पट्टी चोरीला गेली! ताबडतोब या!"

फोनवर प्रयोगशाळेचे प्रमुख सर असे ओरडत होते, जणू किडनीच काढून नेली. संस्थेच्या चौकशी अधिकारी बाई प्रयोगशाळेत पोचल्या, तर सरांनी आधी भिंतीवरचे स्वतःचे सत्काराचे फोटो दाखवले आणि मग रिकामं कपाट. मोठा माणूस ना!

गेली होती ती बोटभर काळी स्पंजची पट्टी. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा लेप दिलेली. दाब पडला की तिच्यातला विजेचा प्रवाह बदलायचा. पाय बधिर झालेल्या रोग्यांच्या बुटात ती बसणार होती, जखम व्हायच्या आधी इशारा द्यायला. उद्या डॉक्टर ती तपासायला येणार होते.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, एक हिची." सरांनी संशोधक मुलीकडे बोट केलं. "पाच वर्षं शिकवलं, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजले! आज पाच वाजता समिती हिला काढून टाकतेय. संपली हिची डॉक्टरेट!"

मुलगी आपली किल्ली मुठीत घट्ट धरून उभी होती. पाच वर्षं पाण्यात जाताना दिसत असली, की माणूस असाच उभा राहतो.

बाईंनी कपाट पाहिलं. पट्टीच्या रिकाम्या जागेशेजारी ती बनवण्याच्या कृतीची वही तशीच पडली होती.

"पट्टी चालत होती?"

"चालत होती? रविवारी मी स्वतः दहा हजार वेळा यंत्राखाली दाबली. सकाळी दहाला बसलो, संध्याकाळी सहाला संपवलं. सलग!"

"एकदा दाबायला किती वेळ लागतो?" बाईंनी मुलीला विचारलं.

"चार सेकंद. स्पंज परत फुगायला तेवढे लागतातच."

"बरोबर, सर?"

"हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल!"

"आणि तू दाबून पाहिलीस का?" बाई मुलीकडे वळल्या.

"शुक्रवारी तीन हजारांतच लेपाला भेग पडली. सरांना सांगितलं, तर म्हणाले, तोंड मिट."

"खोटारडी!" सर किंचाळले.

तेवढ्यात संचालक हकालपट्टीचा कागद घेऊन आले. "बाई, सही करू ना?"

"करा की. फक्त नाव बदला."

सरांचा चेहरा पडला.

"खरा चोर वही नेईल," बाई म्हणाल्या. "वही असली तर अशा शंभर पट्ट्या होतात. इथं कुणालातरी पट्टी उद्या डॉक्टरांच्या हाती पडू द्यायची नव्हती. हिला कसली भीती? भेग पडून पट्टी मेली, हे हिनंच सांगितलं. भीती दहा हजारांची फुशारकी मारणाऱ्याला. सर, दहा हजार गुणिले चार म्हणजे चाळीस हजार सेकंद. अकरा तासांच्या वर! तुम्ही आठ तासांत उरकलंत. एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि पाढे कच्चे? शी! आकडे रचलेत, पट्टी लपवलीत, आणि बिल हिच्या नावावर फाडलंत."

"अहो, मोजण्यात काहीतरी..."

"खिसे तपासू? तुमच्यापासून सुरुवात करते."

सरांचा हात आपसूक कोटाच्या खिशावर गेला. संचालकांनी तो बाजूला करून आतून पाकीट काढलं. आत भेगाळलेली पट्टी होती. धड फेकून द्यायचीही अक्कल नव्हती त्या माणसाला.

"ही बुटात बसली असती, तर इशाऱ्याविना एखाद्याचा पाय कापावा लागला असता," बाई म्हणाल्या. "लाज वाटत नाही?"

संचालकांनी मुलीच्या नावाचा हकालपट्टीचा कागद फाडला आणि घाम पुसला. "पण उद्या डॉक्टरांना काय सांगायचं?"

"पट्टी मेली, असं सांगा," मुलगी म्हणाली. "का मेली, ते मी सांगते."