नीरेच्या पुरातले सहा भोपळे

सहा भोपळे रिकामे न्यायचे आणि भरून आणायचे. काम एवढंच होतं! नीरा ओलांडून संस्थानी मुलखात शिरायचं, दोन दिवस डोंगर चालायचा, ठरलेल्या खोपीवर भोपळे भरून घ्यायचे आणि नाका चुकवून नदीतूनच परत यायचं. १९३६ सालच्या भाद्रपदात मोहनरावांनी मला हे सांगितलं आणि मी मान हलवली. त्या हललेल्या मानेचा मला आजही संताप येतो.

मोहनराव म्हणजे वडगाव निंबाळकरातलं बडं प्रस्थ. देवळात पहिले, चावडीवर पहिले, आणि व्यसनांविरुद्ध भाषण ठोकण्यातही पहिलेच! मी रावजी, माळ्याचा पोर, त्यांच्या मळ्यात राबणारा. आमच्या स्वतःच्या तुकड्यात वांगी-मिरची होती, पण पाटाचं पाणी नेमकं आमच्या पाळीलाच आटायचं.

"एवढी खेप कर, रावजी. पाटकऱ्याला मी सांगतो. तुझी पाळी पुन्हा चुकायची न्हाय," मोहनराव म्हणाले.

भोपळ्यांत काय भरायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नदीच्या अलीकडं इंग्रजांचा कायदा, पलीकडं संस्थानचा, आणि मधल्या पाण्यातून अफू येते, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

बिरूला मात्र खरंच माहीत नव्हतं. बिरू धनगराचा, अठरा वर्षांचा. मेंढरांमागं फिरून पलीकडचे डोंगर त्याला तळहातासारखे ठाऊक होते, म्हणून वाट दाखवायला तो हवा होता. "डिंक आणायचाय," असं मी त्याला सांगितलं. त्याची आई गोजरबाई मेंढरांच्या वाड्याच्या जाळीपाशी उभी राहून म्हणाली, "रावजी, माझ्या लेकराला पवता येत न्हाय. तुज्या भरवशावर धाडते."

"मावशी, नेतो तसा आणतो!" मी म्हणालो. केवढ्या तोऱ्यात म्हणालो!

तिसरा मानसिंग. मोहनरावांचा राखणदार, कमरेला सुरा, बोलण्यात मिजास. माल सांभाळायचं काम त्याचं.

आता भोपळ्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच फिरलं. आमच्या काठाला नदी ओलांडायची तर कडू भोपळ्यांची सांगड लागते. वेलावर जून झालेले मोठाले भोपळे सावलीत वाळवायचे आणि बांबूच्या चौकटीला बांधायचे. त्या भोपळ्याला चाकू कधी लावायचा नाही. तो अख्खा वाळतो, आत बी सुटं होतं आणि हलवला की खुळखुळ वाजतो. आणखी एक. भोपळा वेलावर कोवळा असताना त्याच्यावर काट्यानं मालकाची खूण कोरतात. भोपळा वाढतो तशी खूणही वाढते. ती घासून जात नाही की धुऊन जात नाही. मोहनरावांची खूण होती एक फुली आणि खाली दोन आडव्या रेघा. दरसाल ती बाभळीच्या काट्यानं मीच कोरत असे.

त्या खुणेपायी आदल्या वर्षी द्वारकाबाईची अब्रू गेली होती. द्वारकाबाई बिचारी एकटी विधवा. तिच्या छपरावर तसला एक भोपळा निघाला. पुरात वाहून आलेला सापडला, असं ती रडून सांगत होती. मोहनरावांनी तिला चावडीवर उभी केली आणि साऱ्या गावासमोर गरजले, "फुली आन् दोन रेघा! ही खूण असलेला भोपळा कुणाच्या बी हातात सापडू दे, त्यो माजाच!" तिला चोर ठरवलं. मी तिथं होतो. पुरात भोपळे वाहून जातात हे ठाऊक असूनही खाली मान घालून उभा होतो.

जाताना नदी शांत होती. कोवळ्या उन्हात आम्ही सांगडीवर छाती टेकून पार झालो आणि ओघळी-ओढ्यांतून डोंगराकडं निघालो. हिवर-बोरींची रानं, कुसळांनी पिवळे पडलेले माळ, आणि वर एकामागं एक चढत गेलेल्या काळ्या कड्यांच्या रांगा. वाट अशी नव्हतीच. बिरू दगड बघून, लेंडी बघून, वाऱ्याचा वास घेऊन चालायचा. एके ठिकाणी घसरडीवर माझा पाय सुटला तर त्यानं घोंगडी फेकून मला वर ओढलं आणि खो खो हसला. "माळ्याचा पाय वाफ्यातच बरा!" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो एकदम थांबला.

"लांडगं!"

तीन होते. खिंडीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मी भोपळ्यांचा भारा घेऊन मागं पडलो होतो आणि त्यांनी नेमका मलाच हेरला. एक समोरून आला. मी काठी उगारली. तो बगलेला वळला. दुसरा मागून! धोतराला हिसका बसला. मी पडलो. मानसिंग कुठं होता? बाभळीवर! सुरा कमरेलाच, आणि साहेब झाडावर! बिरूची गोफण फिरली. सण्ण! पहिला दगड लांडग्याच्या जबड्यावर बसला. दुसरा बरगडीत. मग "हुर्र्यो!" करत ते पोर घोंगडी फडकावत सरळ त्यांच्या अंगावर धावलं. लांडगे पळाले.

"उठ. मेंढरू न्हाईस तू, एवढा काय भितूस?" बिरू म्हणाला.

खोप कड्याच्या पोटात होती. आत मुंडाशानं तोंड झाकलेला एक माणूस. त्यानं न बोलता भोपळा मांडीवर घेतला आणि सुरीनं त्याचा देठ कापायला सुरुवात केली.

"ए! सांगडीच्या भोपळ्याला सुरी लावत न्हाईत!" मी ओरडलो.

"मग माल काय तुज्या तोंडात भरू?" मानसिंग म्हणाला.

चार भोपळे कापले, बी उकरून फेकलं. पानांत गुंडाळलेले काळे चिकट गोळे आत गेले. तोंडावर कापलेली टोपणं बसवून मेणानं लिंपली. दोन भोपळे मी पोटाशी धरून ठेवले आणि कापू दिले नाहीत. चार पुरेसे झाले, म्हणून मानसिंगनंही सोडून दिलं.

बिरूनं एक गोळा नाकाशी नेला. त्याचा चेहरा बदलला.

"रावजी, ह्यो डिंक न्हाय. माजा चुलता ह्येच खाऊन मेला. शेवटी मेंढरं सोड, पोरं बी वळखत नव्हता. तुला ठावं व्हतं?"

मी पोटाशी धरलेल्या भोपळ्यांकडं बघत राहिलो.

"तुला ठावं व्हतं!" तो ओरडला. "माज्या आईच्या म्होरं मावशी मावशी केलंस, आन् तुला ठावं व्हतं!"

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता उठून बाहेर जाऊन बसला. परतीच्या दोन दिवसांत त्यानं वाट दाखवली, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ऊन रणरणत होतं. भोपळ्यांवरचं मेण मऊ होऊन बोटाला लागत होतं. मी ते बघितलं आणि तेव्हाही गप्पच राहिलो.

नदीवर आलो तर नदी ओळखू येईना! आमच्याकडं थेंबही पडला नव्हता, पण वर घाटात पाऊस झोडपत असणार. गढूळ पाणी काठ खात चाललं होतं. मुळासकट उपटलेली झाडं, एक मेलेलं म्हसरू, कुणाच्या तरी छपराचा पाला, सगळं गरागरा फिरत जात होतं.

"पाणी उतरूस्तवर थांबू," मी म्हणालो.

"पल्याड गाडी उभी हाय. आजच जायचं!" मानसिंगनं सुरा काढला. "मालकाचा माल हाय त्यो. तुमची सोय बघायला न्हाय आलो."

बिरू पाण्याकडं बघत होता. मी त्याला चौकटीची एक बाजू घट्ट धरायला सांगितलं, त्याच्याच घोंगडीची चिंधी फाडून त्याचं मनगट बांबूला बांधलं आणि आम्ही पाण्यात शिरलो.

पहिले पन्नास हात ठीक गेले. मग ओढ लागली. काठ सुटला. सांगड फिरली. एकदा, दोनदा! समोरून बाभळीचं खोड आलं, मी पायानं ढकललं. तेवढ्यात बिरूची बाजू खाली गेली. त्याच्या छातीशी पाणी. मग गळ्याशी!

मेण सुटलं होतं. त्याच्या बाजूच्या दोन भोपळ्यांत पाणी शिरलं होतं. जे तारायला बांधले तेच आता त्याला ओढून नेत होते!

"मानसिंग, सुरा दे! ती दोन तोडतो!"

"माल सोडायचा न्हाय!"

"पोर बुडतंय!"

"बुडू दे! त्याचा हात सोड, सांगड हलकी व्हईल!"

असं म्हणाला तो! भर पुरात, अठरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर! त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही कधी आली नाही, अशी आग माझ्या डोक्यात गेली. मी त्याच्या मनगटाला चावलो. दात हाडाला लागेपर्यंत चावलो. सुरा माझ्या हातात आला. एक दोरी तोडली. दुसरी तुटेना. बिरूचं डोकं पाण्याखाली गेलं होतं, नुसतं बांधलेलं मनगट वर दिसत होतं. करकर करकर कापली. तुटली! दोन्ही भोपळे काळ्या मालासकट नीरेच्या पोटात गेले. सांगड उसळली आणि बिरू वर आला, खोकत, ओकत, पण जिवंत!

मानसिंगनं तोवर स्वतःच्या बाजूचा भरलेला भोपळा सोडवून छातीशी घेतला होता. "मरा तिकडं!" म्हणून तो प्रवाहाला लागला. आमच्याकडं उरले तीन. दोन मी वाचवलेले अख्खे, आणि एक भरलेला. त्या दोन अख्ख्या भोपळ्यांनी आम्हाला तारलं.

पाण्यानं आम्हाला नेऊन टाकलं ते सरळ नाक्याच्या घाटावर! आणि घाटावर सारा गाव. पूर आला की आमच्याकडं नदीची ओटी भरतात. बायका खण-नारळ घेऊन आल्या होत्या, आणि पहिला नारळ वाढवायला अर्थातच मोहनराव. लोकांनी आम्हाला ओढून वर घेतलं. नाक्याचा जमादार पुढं आला. तो काठावरचाच, नदीत वाढलेला. त्यानं सांगडीतला एक भोपळा हलवला. खुळखुळ. दुसरा हलवला. खुळखुळ. तिसरा हलवला.

गप्प.

"बी कुठं गेलं ह्यातलं?" त्यानं विचारलं आणि मेणात नख घातलं.

काळा गोळा बाहेर आला तशी मोहनरावांनी हातातला नारळ खाली ठेवला आणि आवाज चढवला. "अफू! गावाचं नाव घालवलं हरामखोरांनी! जमादार, बेड्या घाला दोघांना! असल्या पोरांनी पिढी नासवली!"

गर्दीतून वाट काढत गोजरबाई आली होती. बिरू थंडीनं काकडत होता आणि शिपाई त्याचे दंड धरत होते. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

"त्याला सोडा," मी म्हणालो. "त्याला डिंक म्हणून नेला मी. मला ठावं व्हतं, मी आणला. आन् चार दिसांमागं सहा भोपळं देऊन ज्यानं धाडला त्यो हितंच उभा हाय."

मी भोपळा फिरवून जमादारापुढं धरला. फुली. खाली दोन रेघा.

मोहनराव क्षणभर गडबडले. पण असली माणसं लगेच सावरतात. "चोरलं असतील माज्या मळ्यातनं! गडीच हाय त्यो माजा, हात मारला असंल!"

लोकांनी माना हलवल्या. पटलं त्यांना! आणि तेवढ्यात बायकांतून द्वारकाबाई पुढं आली. वर्षभर गावात मान वर न केलेली बाई. ओटीचं ताट तिच्या हातात तसंच होतं.

"चोरलं व्हय?" ती म्हणाली. "मालक, माज्या छपरावर एक भोपळा घावला तर दिस मावळायच्या आत मला चावडीवर ओढली. आन् तुमचं चांगलं सहा गेलं, चार दिस झालं, तर चोरीची वर्दी कुटं हाय? एकाला बोंब मारणारा सहांना गप बसतूय व्हय?"

ती मोहनरावांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आन् तवा काय म्हणला व्हता? ही खूण कुणाच्या बी हातात सापडू दे, भोपळा माजाच! साऱ्या गावानं आयकलंय. मग घ्या की! तुमचाच हाय, घ्या!"

जमादारानं कागद मागवला आणि पंचनाम्यात ती खूण जशीच्या तशी काढून घेतली.

दोन दिवसांनी मानसिंग खालच्या अंगाला वेळूच्या बेटात अडकलेला सापडला आणि पोपटासारखा बोलला. मोहनरावांना दोन वर्षांची सजा झाली. वकील पुण्याहून आणला होता, तरी झाली. बिरू सुटला. मला सहा महिने सक्तमजुरी. ती मला मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो वेगळ्याचा. चावडीवर मी तोंड उघडलं असतं, खोपीत उघडलं असतं, मेण मऊ झालं तेव्हा उघडलं असतं, तर एका पोराला पुराच्या तळाशी जाऊन यावं लागलं नसतं.

सुटून आलो तेव्हा आमचा तुकडा वाळून गेला होता. पाटाचं पाणी अजून आलेलं नव्हतं. बांधावर बिरू उभा होता. खतासाठी त्यानं मेंढरं आमच्याच रानात बसवली होती. संध्याकाळी द्वारकाबाई आली. पदराखालून तिनं एक वाळका भोपळा काढून माझ्या हातात दिला. मी हलवला. खुळखुळ वाजला.

"बी हाय. लाव तुज्या कुपाला," ती म्हणाली. "आन् रावज्या, त्याच्यावर कुणाची खूण कोरलीस, तर हात मोडीन!"