पिवळ्या दिव्याची खोली

ही गोष्ट मी रचलेली असती, तर शेवट तरी बरा केला असता. पण ती घडली आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

धाकटा परदेशात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. मागे निळ्या चादरीचा पलंग, पिवळा दिवा, कोपऱ्यात छोटंसं बेसिन.

आई हरखून जायची. "इथे साधी चादर घडी करायची म्हटलं तर जिवावर यायचं. आता बघा साहेबांचा थाट!"

एकदा ती म्हणाली, "आधी तोंड धू बरं. किती सुकलाय चेहरा!"

तो बेसिनपाशी गेला… आणि नळ न सोडताच परत आला.

आम्ही हसलो. आळशी तो आळशीच!

मग एका गुरुवारी संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "ताई, इथे छान ऊब आहे गं."

शुक्रवारी तिकडून पोलिसांचा फोन आला. धाकटा गेला होता. थंडीने, एका पुलाखाली.

बुधवारी रात्री…

आईचं हृदय आधीच नाजूक. तिला सांगायची माझी छाती झाली नाही. "त्याला भेटून येते," म्हणून निघाले.

त्याच्या हॉटेलातला भांडी घासणारा मला घ्यायला आला होता. आपलीच भाषा बोलणारा.

"आधी त्याची खोली दाखवा," मी म्हटलं.

तो मला एका फर्निचरच्या दुकानात घेऊन गेला.

गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या खोल्या. त्यातली एक… निळी चादर. पिवळा दिवा.

मी नळ सोडला. पाणी नव्हतं. खाली पाइपच नव्हता.

"मालकाने त्याला काढलं," तो म्हणाला. "व्हिसा त्या नोकरीचाच. नोकरी गेली, कागद गेला, मालकाने दिलेली खोलीही गेली. मग ना कुणी भाड्याने जागा देई, ना काम. बेघरांच्या निवाऱ्यातही दारातच कागद मागतात."

"मग घरी का नाही आला?"

"एकदा गेलो की पुन्हा येऊ देणार नाहीत, म्हणायचा. आईला काय तोंड दाखवू, म्हणायचा." त्याने डोळे पुसले. "मी त्याला माझ्याकडे लपवलं असतं ताई, पण माझाही कागद गेला असता."

मी पलंगावर बसले. मला रडू आवरेना.

चादर… उबदार होती.

माझ्या शेजारची गादी हळूच दबली.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, आत्ताच त्याचा कॉल येऊन गेला! तुम्ही दोघं पलंगावर शेजारी शेजारी… जीव भांड्यात पडला बाई माझा. पण तू रडत का होतीस?"

त्याचा मोबाइल पोलिसांकडे होता. बंद.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. त्याची राख माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे आहे. कॉल मात्र रोज येतो. त्या वेळी मी स्वयंपाकघरात निघून जाते.

गेल्या महिन्यात त्या भांडीवाल्याने कळवलं, दुकानाने ती खोली मोडली. तिथे आता कपाटं मांडलीत.

तेव्हापासून फोनवर नुसता अंधार दिसतो… आणि वारा ऐकू येतो.

आई फोन तोंडाजवळ धरून म्हणत असते, "अरे, बाहेर काय करतोस? खोलीत जा ना बाळा, गारठशील."