अकरावं नाव

जुरी काकोच्या घरी दोन दिवस माणसं नुसती बसून होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. कोरेलगुड्याच्या इलाका पोलिसांचा हा पहिला नियम होता: ज्या घरावर घाव पडला, त्या घराला आधी सोबत करायची. पंचनामा मागून.

तेवीस गावांच्या ग्रामसभांनी हे पोलीस दल उभं केलं, त्याला सहा वर्षं झाली होती. दलात नऊ माणसं होती, उन्हावर चालणारी एक जीप होती आणि बंदूक एकही नव्हती. जीपपेक्षा ऊन जास्त भरवशाचं होतं. दलाची प्रमुख रैनी मट्टामी. दोन्ही दिवस तीही त्या घरात भिंतीला पाठ लावून बसली होती.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव बाहेर असताना कुणीतरी काकोकडचं कोसरी या भरडधान्याचं जुनं बियाणं पळवलं होतं. पाऊस दगा देत असतानाही उगवणारं हे एकच वाण उरलं होतं, आणि बाहेरचे लोक कित्येक वर्षं त्यावर डोळा ठेवून होते. आडव्या आलेल्या काकोला धक्का बसला, डोकं उंबऱ्यावर आपटलं. ती अजून तालुक्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. आईबाप गेल्यावर रैनीला आणि तिच्या धाकट्या भावाला, कोपाला, याच काकोनं आजीच्या मायेनं वाढवलं होतं.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्यातून सोनटक्के साहेब आले. त्यांच्यासोबत एक करडी पेटी होती. कागदावर तिचं नाव ‘वायुसाक्षी’. गावानं पाहताक्षणी तिला ‘नाकाड्या’ म्हणायला सुरुवात केली.

“माणूस जिथे जातो तिथे हवेत सांडत असतो,” साहेबांनी समजावलं. “कातडीचा भुगा, श्वासातले कण. नाव कळायला शिधापत्रिकेसोबत घेतलेली प्रत्येकाची जनुकीय नोंद आहेच. चार दिवसांत या खोलीत कोण कोण आलं, ते ही पेटी सांगते.”

“कधी आलं, तेही सांगते का जी?” रैनीनं विचारलं.

“ते नाही सांगत.”

“मंग तिचं नाक आमच्या कुत्र्यापेक्षा लहानच.”

साहेब हसले नाहीत. पेटी तासभर घुरघुरली. ठाण्यात परतल्यावर तिनं काकोला सोडून अकरा नावं दिली. पहिलंच नाव होतं रैनी मट्टामी, त्र्याण्णव टक्के खात्रीनं.

“अभिनंदन,” साहेब म्हणाले. “पोलीसच मुख्य संशयित. तुम्ही लोक आत जाऊन बसलात, मट्टामी! सगळा पुरावा तुडवलात. इथे सही करा, की रूढीमुळे घटनास्थळ बिघडलं. प्रकरण बंद. पुढच्या महिन्यापासून हा इलाका तालुक्याच्या ठाण्याकडे. वरून तसं ठरतंच आहे.”

रैनीनं यादी हातात घेतली. ती बसली होती, बाजूला बुधराम बसला होता, चुलीजवळ वड्डेंची म्हातारी... एकेका नावावर अंगठा ठेवत ती खाली आली. दहा माणसं. दहाही त्या दोन दिवसांत तिथे बसलेली.

अकरावं नाव कोपा मट्टामी.

कोपा बाहेर साहेबांच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत होता. आठ दिवस बल्लारशाला होतो म्हणाला होता. आज सकाळी बसमधून उतरला तो थेट ठाण्यावर आला. काकोच्या घराकडे तो फिरकलाही नव्हता.

साहेबांनी पेन पुढे केलं. यादीतली नावं त्यांच्या लेखी सारखीच होती. सही केली असती तर भाऊ सुटला असता आणि सहा वर्षांचं ठाणं बुडालं असतं. आणि हे कुणाला कळलंही नसतं.

रैनीनं पेन घेतलं नाही.

“कोपा, आत ये.”

तो हसत आला. तिनं यादी त्याच्यापुढे धरली. त्याचं हसू हळूहळू विझलं.

“अक्का, ढकललं नाही मी तिला. ती आडवी आली, मी हात सोडवला फक्त. मंग घाबरलो...” तो थांबला. “पेटीनं सांगितलं?”

“पेटीनं अकरा जण सांगितले. त्यातला तू, हे मी ओळखलं.”

साहेबांनी पेन खिशाला लावलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “मट्टामी, आरोपी तुमचा सख्खा भाऊ आहे. याचा तपास तुम्ही कसा करणार? मी नेतो त्याला. नियम आहे तसा.”

“बियाणं कुणाला दिलं, हे तो तुमाले सांगेल?”

“सांगायला लावू.”

कोपानं बहिणीकडे पाहिलं. ती मात्र साहेबांकडे बघत होती.

“सायेब, तेवीस गावं आहेत माझ्याकडे,” रैनी म्हणाली. “कुणी भाऊ, कुणी सोयरा, कुणी मानलेला. आपल्या माणसाचा तपास करायचा नाही म्हटलं, तर मला एकाचाही करता येणार नाही; तरी न्यायचं असेल तर न्या कोपाला. पण मंग काको शुद्धीवर येऊन विचारेल, माझ्या लेकराला कुणाच्या हाती दिलंस, तेव्हा तिला काय सांगू?”