दोन जिलब्या आणि अंड्याएवढे पोट

एके काळी बावीस जिलब्या खाऊन वर "आता ताक आणा" म्हणणारा दिनकरमामा त्या रविवारी फक्त दोन जिलब्यांनी आडवा झाला. अकरा वर्षांच्या ओवीला पडलेले कोडे हेच होते.

मामा जेवणघरातल्या फरशीवर पडला होता. अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा. आईने निदान केले, "दृष्ट लागली. दोन घास पोटात गेले की बरं वाटेल."

"ताई, घासांनीच तर पाडलंय मला," मामा क्षीण आवाजात म्हणाला.

मामा नळजोडणीतला पक्का कारागीर. चंद्रावरच्या वसाहतीत नळ गळत होते, आणि गळका नळ कराडात असो की चंद्रावर, दुरुस्त करायला माणूसच लागतो. अडचण एकच होती. अंतराळपोशाख पंचाण्णव किलोपर्यंतच्याच माणसासाठी शिवलेला, आणि मामा एकशे चौतीस. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्याने जठराची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन भराभर उतरले आणि सत्त्याण्णववर येऊन बसले, ते पाच आठवडे तिथून हलेना. चंद्रावर जाणाऱ्यांची वजनाची तपासणी तीन आठवड्यांवर आली होती. ती हुकली की पुढची चार वर्षांनी.

"यात माझा दोष नाही," पंत म्हणाला. पंत म्हणजे घरचा वाढपी यंत्रमानव. कारखान्यातूनच त्याच्यात आग्रहाचा नियम भरून आला होता. पहिले 'नको' म्हणजे सभ्यता, दुसरे 'नको' म्हणजे संकोच, तिसरे झाले तरच पोट भरले. "मामासाहेब दोनदाच 'नको' म्हणाले. तिसऱ्या वेळी बाईसाहेबांनी स्वतःची शपथ घातली. शपथेपुढे माझा नियम चालत नाही."

"डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता ना?" ओवीने विचारले.

"त्यावर रविवारचा उल्लेख नव्हता," आई म्हणाली.

पंताने मामाची नाडी पाहिली. "पडून राहा. थोड्या वेळात ओसरेल."

"पण झालं काय?" ओवी हटेना. "पोट लहान केलं, तर जास्त खाल्ल्यावर दुखेल. दोनच जिलब्यांनी घाम का?"

"कारण नुसते पोट लहान केलेले नाही, वाटही बदलली आहे," पंत म्हणाला. "तुझे जठर (अन्न साठवणारी आणि घुसळणारी पिशवी) पहारेकऱ्यासारखे असते. अन्न थोडे थोडे पुढे सोडते. मामासाहेबांच्या जठराचा अंड्याएवढा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला थेट जोडलाय. पहारेकरी गेला. जिलबीचा पाक सरळ आतड्यात ओतला गेला. बाईसाहेब, साखरांबा करताना कैरीच्या किसात साखर घातली की काय होतं?"

"पाणी सुटतं," आई म्हणाली. स्वयंपाकघरातल्या प्रश्नाला तिला विचार करावा लागत नसे.

"कुठून?"

"कैरीतून. साखर ओढून घेते."

"याला परासरण (दाट पाकाकडे पाणी ओढले जाणे) म्हणतात. मामासाहेबांच्या आतड्यातही तेच झालं. फक्त तिथं कैरी नाही. पाणी आलं रक्तातून. रक्तात ते कमी पडलं, म्हणून छाती धडधडली आणि घाम फुटला."

आई हळूच म्हणाली, "म्हणजे मी माझ्या भावाचा साखरांबा केला?"

"मुरला नाही अजून," मामा फरशीवरून म्हणाला.

मामा उठून बसला तेव्हा ओवीने दुसरा प्रश्न काढला. "मग इतकं कमी खाऊन वजन का अडलं?"

"शस्त्रक्रियेनंतर आतडे मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देणारी संप्रेरके (रक्तातून फिरणारे निरोपे) जास्त पाठवते. म्हणून भूक कमी लागते. मामासाहेबांच्या मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा वजन फारसं उतरण्याआधीच कमी झाल्या. पण शरीर भित्रं असतं. त्याला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते काटकसर करतं. शिवाय लहान शरीराला इंधनही कमी लागतं. अशा वेळी स्नायू टिकवायला हवेत. आधी प्रथिने (डाळी, दूध, अंडी यांतला शरीर बांधणारा भाग), आणि रोज चालणे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर जन्मभर."

"पोट लहान झालं, गोळ्यांचा डबा मोठा झाला," मामा म्हणाला. पण तो उभा राहिला. "शिडी डॉक्टरांनी लावून दिली. चढायचं मलाच आहे. पंत, चपला कुठायत?"

त्या संध्याकाळी ओवीने पंताचे झाकण उघडले. आग्रहाचा नियम पुसायला ती गेली होती, पण इतके गुणी यंत्र वाया घालवणे तिच्या जिवावर आले. तिने नियमाची फक्त जागा बदलली.

दुसऱ्या दिवसापासून ताटावर पहिले 'नको' म्हणजे नकोच. कृष्णेच्या घाटावर मात्र पंत मामाच्या मागे मागे पळे. "अहो, आणखी एक फेरी घ्या ना! एवढीशी! माझ्या बॅटरीची शपथ!" मामा तीनदा 'नको' म्हणे. पंताला तिसरे ऐकू येत नसे. ती दुरुस्तीही ओवीचीच.

आईचे काम सर्वांत अवघड होते. तिच्या हाताला वीस वर्षांची सवय होती. मामाने वाटीभर मुगाच्या उसळीनंतर "बास" म्हटले, की तिचा डाव हवेतच अडे, आणि कसाबसा पातेल्यात परत जाई.

तपासणीत काटा चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅमवर थांबला.

"तिथं चंद्रावर तर मी जेमतेम सोळा किलो भरेन," घरी आल्यावर मामा छाती फुगवून म्हणाला.

"वजन घटेल, माणूस तेवढाच राहील," पंताने दुरुस्ती केली. "चंद्र कमी ओढतो, एवढंच."

पण आईने पुढचे ऐकलेच नव्हते. "सोळा! अरे देवा, नुसती काडी होशील! थांब, निदान आज तरी दोन—"

डाव वर गेला. ओवीने श्वास रोखला. पंतानेही आपला पंखा बंद केला.

आईने डावाकडे पाहिले, मग भावाकडे. खिडकीत दिवसाउजेडीच अर्धा चंद्र आला होता. तिने डाव पातेल्यात ठेवला, झाकण लावले आणि पदर खोचला.

"दोन फेऱ्या," ती म्हणाली. "चल. मीपण येते."