मागच्या सीटवरची जागा

हे खरं घडलंय. माझ्या पदरचं तिखटमीठ यात चिमूटभरही नाही. आणि भुतंखेतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर वाचाच. ही भर दुपारची गोष्ट आहे. मे १९९८, रविवार, कळंबचा समुद्रकिनारा.

आमच्या विनयावहिनी वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहतात. त्या वर्षी त्यांच्या मिस्टरांनी, चंद्रहासभाऊंनी, सेकंडहँड मारुती घेतली. गोव्याला जायची ऐपत नव्हती. मग काय, "आपला गोवा कळंबलाच!" घरून पुरी-भाजी, पाण्याचा कॅन, सुरूच्या झाडाखाली चटई. झाली ट्रिप.

निघताना सासूबाई, मंदाताई, भिंत धरत दारात आल्या. गुडघे गेलेले. दोन वर्षांत जिना उतरल्या नव्हत्या.

"मी येऊ का गं? कोपऱ्यात बसेन. उतरणारसुद्धा नाही. गाडीतूनच बघेन समुद्र."

वहिनींना एक दिवस, फक्त एक दिवस मोकळा हवा होता.

"गाडीत जागा नाही, आई."

मागच्या सीटवर परेश आणि ओवी, दोनच पोरं. एक खिडकी चक्क रिकामी.

समोरच्या ब्लॉकमधल्या पॉलिनला लक्ष ठेवायला सांगून ते निघाले.

किनाऱ्यावर ओहोटी होती. ओली वाळू रस्त्यासारखी टणक. भाऊंना हुरूप आला, गाडी थेट पाण्याजवळ नेऊन लावली. शहाणेच की नाही! डुंबले, जेवले, सुरूखाली लवंडले.

तीनला जाग आली, तेव्हा भरती लागली होती. चाकं अर्धी वाळूत.

सगळ्यांनी जोर लावला. गाडी हलेना. पाणी मागच्या चाकांना भिडलं.

गावातला आग्नेल बैलगाडी घेऊन चालला होता, तो धावून आला. बैल सोडून आणले, गाडीला दोर बांधला, हाकारलं.

बैल जागचे हलेनात. माना वळवून गाडीकडे बघत राहिले...

आग्नेलने वाकून आत पाहिलं आणि वैतागला. "ओ ताई, त्या म्हातारीला उतरवा की पयलं! ती बसलीय तोवर बैल ओढनार नाय."

"कुठली म्हातारी?" भाऊ खेकसले. "आम्ही सगळे बाहेर आहोत. डोळे तपासून घे!"

"मागं बसलीय ना. खिडकीला चिकटून. मान वळवून पानी बघते."



वहिनी पाण्यातून मागच्या दाराशी गेल्या. सीट रिकामी होती. पण... खिडकीजवळचा कोपरा खोल दबलेला.

त्यांनी दार उघडलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली त्यांना. हात पुढे केला.

"चुकले मी, आई. उतरा. या, पाय भिजवू पाण्यात."

हातावर भार आला... म्हाताऱ्या माणसाचा, थरथरता.

सीटचा कोपरा हळूच वर आला.

मग बैलांनी एका हिसक्यात गाडी बाहेर काढली. "बसा, बसा लवकर!" भाऊ ओरडले. पोरं कोंबली, दारं आपटली, गाडी सुटली.

निर्मळ गाव मागे पडलं आणि वहिनी किंचाळल्या.

आईंना उतरवलं होतं. परत बसवायचं राहून गेलं होतं.

"वेड लागलंय तुला," म्हणत भाऊंनी गाडी घराकडे दामटली.

घरी मंदाताई पलंगावरच होत्या. "अख्खी दुपार हलल्या नाहीत," पॉलिन म्हणाली. "तीनला हाक मारली, तर ओच देईनात." श्वास चालू. डोळे उघडे, पण ओळख नाही. आणि पाय... घोट्यापर्यंत ओले.

डॉक्टर झाले, नवससायास झाले. भरवलं की जेवायच्या, बास. पाय कितीही पुसले तरी ओलेच. एक शब्द नाही.

वहिनी गाडी चालवायला शिकल्या. दर रविवारी कळंबला जायच्या, मागचं दार उघडून उभ्या राहायच्या. "आई, जागा आहे. या." लोक हसायचे. आग्नेल तेवढा कधी हसला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी... गाडी मागून किंचित खाली बसली.

सीट दबली.

वहिनी रडत होत्या, हसत होत्या. "सावकाश हं, आई." दार अलगद लावलं. वाटभर बोलत, खड्डे चुकवत घरी आल्या. बिल्डिंगखाली हात दिला. हातावर भार आला. एकेक पायरी करत दोन जिने चढवले. घरात सोफ्यावर टेकवलं आणि आतल्या खोलीत धावल्या.

"आई! आलात ना?"

मंदाताई तशाच. नजर तशीच, कुणालाही न ओळखणारी. पायांना हात लावून पाहिला... ओलेच.

आई अजून तिकडेच होत्या. मग आपण घरात आणलं कुणाला?

बाहेर सोफा कुरकुरला.

मंदाताई तीन वर्षांनी गेल्या, एक शब्द न बोलता. वहिनींना मी खूप सांगितलं, तो सोफा टाकून द्या. त्या म्हणतात, "टाकला तर ते माणूस कुठे बसेल? मीच हात धरून आणलंय ना." गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. त्या "बसा ना" म्हणाल्या.

मी उभ्यानेच चहा प्यायले आणि घरी आले.