शेकणारे हात

थळला धनेशच्या वर्कशॉपमध्ये बोटींच्या इंजिनांचे भाग रंगवत. रंग वाळवायच्या यंत्रात सरकत्या पट्ट्यावर जेमतेम वीतभर जागा, म्हणून लहान इन्फ्रारेड दिवे निवडायला कल्पिताला पेणहून बोलावलं होतं. तीन प्रकार लावून झाले. दिवे चोख तापत, तरी डावीकडचे भाग ओलेच राहत.

"उद्या माल गेला नाही तर काम दुसरीकडं जाईल, मॅडम," धनेश म्हणाला.

"हे दिवे हवा तापवत नाहीत. समोर जे येईल तेच तापतं."

"मग मधे काय येतंय?"

मधे काहीच नव्हतं. भरदुपार होती, शटर उघडं होतं, बाहेरून सुकटीचा वास येत होता. कल्पितानं उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखला. पडद्यावर पट्टा थंड, निळा दिसला. त्याच्यावर, डावीकडच्या दिव्याखाली, दोन पिवळे हात होते. रुंद मनगटं, पसरलेली बोटं. मनगटांमागे काही नाही.

हात हळूच उलटे झाले. शेकोटीवर करतात तसे.

तिनं कॅमेरा खाली केला. रिकामा पट्टा.

यंत्रावरचा अंबाजी तिच्या खांद्यामागून बघत होता. त्याचा भाऊ नामा दोन वर्षांमागं माघात होडी घेऊन गेला, तो परतला नव्हता.

"पानी लय गार व्हतं त्या दिशी," अंबाजी म्हणाला. मग घाबरत विचारलं, "बाय, हात पोळंल काय त्याचा?"

 कल्पितानं एक जादा दिवा काढला आणि कोपऱ्यात, रिकाम्या भिंतीकडं तोंड करून बसवला.

संध्याकाळपर्यंत सगळे भाग खडखडीत वाळले.

दोन महिन्यांनी कोपऱ्यातला दिवा गेला. अंबाजीनं तो बदलायला पेणला पाठवला. अशा दिव्याची काच उघड्या हातानं धरायची नसते. कातडीवरचं मीठ तापतं आणि काचेवर पांढरे डाग कायमचे उठतात.

कल्पितानं काच उजेडात धरली. बोटांचे ठसे होते. दहा नव्हते. एकावर एक, मोजता येईनात इतके. काही रुंद.

काही अगदी चिमुकले, काचेच्या खालच्या कडेला, जेमतेम पोचलेले.