दाराच्या जागी फट

बहिणीच्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर पाठवलंच नव्हतं. ‘मागची खोली रिकामीच आहे ना? राहायला येऊ का?’ एवढंच तिने विचारलं होतं. जन्मभर पुस्तकांत तोंड खुपसून बसलेल्या माणसाला ‘ये’ म्हणणं जड आणि ‘नको’ म्हणणं त्याहून जड. आधी खोली नीट करू, मग लिहू, असं ठरवून त्याने गवंडी बोलावला.

समोरासमोर सांगायची भीड. म्हणून सकाळी तो भिंतीवर खडूने खुणा करी, इथे फळी, इथे खिडकी, आणि पुढच्या खोलीत वाचत बसे.

संध्याकाळी पाहिलं तर फळी कमरेइतकी खाली, खिडकी भलत्याच भिंतीत.

मिस्त्रीने हात झटकत सांगितलं की खुणेबरहुकूम केलंय. खुणा खरंच तिथे होत्या. आपलंच चुकलं असेल, म्हणून म्हाताऱ्याने राग गिळला. राग गिळण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

मग खुंट्याही खाली आल्या. बुटक्या बहिणीचा हात पोचेल इतक्या.

आता मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मिस्त्री, या घरात मी राहतो. मला विचारल्याशिवाय वीट हलवायची नाही.”

“विचारूनच करतो की, काका. ताई बसलेल्या असतात ना स्टुलावर. तुमच्यासारखं नाही त्यांचं, तोंडाने सांगतात.”

बहीण तर अजून आलीच नव्हती. खोलीभर सिमेंटची धूळ साचली होती. स्टूल तेवढं स्वच्छ होतं.

उद्या दार बसवा आणि सुटा, असं त्याने बजावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कडी-कोयंडा आणायला गेला. परतला तेव्हा मिस्त्री थापी धूत होता. दाराच्या जागी भिंत उभी होती. गिलावा ओला होता. मधोमध बोटभर रुंद, आडवी फट.

“ताई म्हणाल्या, दार उघडणं त्याच्या जिवावर येतंय, तर राहू दे.”

मिस्त्री गेला.

म्हातारा टेबलाशी बसला. कधी नव्हे ते एका दमात लिहिलं: ‘खोली तुझीच होती. पण माझ्या घरात मला न विचारता?’ खाडाखोड नाही.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. तो चपला घालून उठला.

आणि मागच्या खोलीकडे गेला.

पाकीट फटीत अर्धं सरकलं. पलीकडच्या बोटांनी त्याच्या बोटांना ओझरतं घासत ते अलगद ओढून घेतलं.

त्याच्या बोटांना ओला गिलावा लागायला हवा होता. लागला होता खडू.